काकांचा पडदा आणि माझं ऊन

माणसाला कॅमेऱ्यासमोर उन्हात उभं केलं की दहा मिनिटांत तो खरं बोलायला लागतो. त्यामुळे माझ्याकडे फोटोंपेक्षा किस्सेच जास्त साठलेत.

मंठ्यात काकांचा स्टुडिओ आहे. निळा पडदा, दोन लाइट, आणि कॉम्प्युटरवर प्रत्येक चेहरा दुधासारखा पांढरा! मी पदवी घेऊन परत आले आणि सांगितलं, "मी फोटो बाहेर काढणार, उन्हात. चेहरा आहे तसा."

काका म्हणाले, "काढ. पण एक जरी फोटो वापस आला, तर तुझं ऊन बंद. मंग मुकाट्यानं पडद्यासमोर काम करायचं."

*

पहिल्याच आठवड्यात घात होता होता टळला. साखरपुड्याच्या जोडीला मी मोसंबीच्या झाडाखाली उभं केलं. पानांतून येणारा उजेड चेहऱ्यावर हिरवा पडतो, हे घाईत विसरले!

फोटो घरी पोचले आणि नवरदेवाच्या भावाचा फोन. "ताई, आमचा नवरदेव हिरवा दिसून राह्यला! काकाकडं निघालो मी."

स्कूटी अशी पळवली की विचारू नका. वाटूर फाट्यावर त्याला गाठलं आणि हातातलं पाकीट अक्षरशः ओढून घेतलं. दुसऱ्या दिवशी मोकळ्या रानात नवे फोटो काढले. ते बघून नवरीनं मोठा श्वास सोडला.

"मला वाटलं हे आजारी हायेत, अन् मला कुणी सांगितलंच न्हाई!"

*

मग एक ग्रामपंचायतीचे उमेदवार. बॅनर पाचला छापायला जाणार होता आणि साडेचारला ढग आला.

"विरोधकांनीच पाठवला!" एक कार्यकर्ता म्हणाला. कुणी हसलं नाही.

बॅगेत हात घातला, तर फ्लॅश! काकांनी गुपचूप ठेवला होता. पाच मिनिटं मी त्या फ्लॅशकडे बघत होते. मग चेन लावून टाकली.

पाचला दहा कमी असताना ढग फाटला. अर्ध्या चेहऱ्यावर ऊन, कपाळावर आठ्या. एकच फोटो मिळाला. उमेदवार स्क्रीनकडे बघत राहिले. बघतच राहिले.

"हसू आलंच न्हाई."

"परत काढू?" मी विचारलं. तोवर ऊन गेलेलं होतं.

"नको. मागच्या टायमाला हसलो होतो. पडलो!"

*

आष्टीच्या एका आजींना आपल्या माघारी भिंतीवर लावायचा फोटो आत्ताच काढून ठेवायचा होता. मुलगा घड्याळ बघत होता, ऊन उतरत होतं आणि आजी इकडं तिकडं बघत होत्या.

"आजी, इकडं बघा ना!"

"सुनंला तिथं उभी कर. मी गेल्यावर तिलाच बघायचंय माझ्याकडं."

सून कॅमेऱ्यामागं येऊन उभी राहिली. आजींनी तिच्याकडं जे बघितलं, बापरे!

फोटो बघून मुलगा चिडला. "आई रागात दिसती. वापस घ्या हा."

तेवढ्यात सुनेनं त्याच्या हातातून फोटो घेतला आणि पदरानं पुसला.

"राहू द्या. बराबर आलाय. अश्शाच बघतात."

*

रंजना शाळेत शिकवते. तिचे वडील तिला स्थळाच्या फोटोसाठी घेऊन आले.

"थोडी गोरी करा, ताई. सगळेच करतात."

"चेहरा आहे तो, भिंत नाही चुना लावायला!" मी बोलून गेले. वडील फोटो घेऊन गेले.

आठ दिवसांनी बापलेक स्टुडिओत हजर. वडिलांच्या हातात पाकीट. काकांनी माझ्याकडे बघितलं, उठले आणि निळ्या पडद्यासमोरचे दोन्ही लाइट लावले.

"फोटो वापस आणलाय का?" काकांनी विचारलं.

"हिलाच विचारा," वडील वैतागून म्हणाले. "पोराकडच्यांना फोटो पसंत हाय. ही अडून बसली."

रंजनानं वडिलांच्या हातातलं पाकीट घेतलं आणि त्यातून फोटो काढला. तिचा नव्हता. एक मुलगा, चेहरा दुधासारखा पांढरा. त्याच्यामागं निळा पडदा.

तिनं तो काकांसमोर ठेवला.

"हा तुमच्याच इथला ना, काका? ह्यांना एकदा उन्हात उभं करा. मंग मी सांगते."

काकांनी तो फोटो उचलून जवळून बघितला. मग त्यांनी एक लाइट बंद केला. मग दुसरा.

"पोरी," ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "ऊन किती वाजेपर्यंत चांगलं असतं गं?"