शेवाळी लुगडं

जगदेव रंगारी तापाने गेला, त्याच्या चौदाव्या दिवशी धाकटा भाऊ नानाजी बैलगाडी जुंपून दारात आला. शिरपूरच्या ओढ्याकाठी जगदेवचं घर आणि बाजारगल्लीत नानाजीचं. अंतर हाकेचं. तांब्याचे तीन हंडे डोक्यावर नेता आले असते, पण गावाला दिसावं म्हणून गाडी आणली होती.

जगदेवची बायको सोजरबाई उंबऱ्यात बसून बघत होती. लाल रंगाचा हंडा गेला, पिवळ्याचा गेला, हिरव्याचा गेला, तुरटीचं पोतं गेलं.

"वयनी, वाईट वाटून घेऊ नको," दोर आवळत नानाजी म्हणाला. "हे मंगलाचे रंग हायेत. नवरीचं लुगडं, ओटीचा खण, देवाचं निशान. तुह्या हातचं आता कोन नेसन?"

"हात तर तेच हायेत माहे."

"हात तेच हायेत. कपाय तेच नाही ना!"

गाडी गेली. ही एकोणीसशे आठ सालची गोष्ट. सोजरबाईला तिशीही लागली नव्हती, मूलबाळ नव्हतं, माहेरात कोणी उरलं नव्हतं. नानाजीने मागे ठेवलं ते त्याला नको असलेलं: काठाला तडा गेलेली लोखंडी कढई, डाळिंबाच्या वाळक्या सालींची तीन पोती, परसातला निळीचा रिकामा रांजण, आणि एक मोठं मडकं. मडक्यात गंजक्या नाला, खिळे आणि गूळ घालून आंबवलेलं पाणी होतं. त्याला असा वास यायचा की गाडीवानाने हातच लावला नाही.

एवढ्या सामानात एकच रंग निघतो. सालींच्या काढ्यात कापड उकळायचं आणि ते लोखंडाच्या पाण्यात बुडवायचं. ते धड हिरवं होत नाही, धड मातकटही होत नाही. साचल्या डोहावर शेवाळ धरतं, मुरलेला आवळा दिसतो, तसा तो रंग. गावात त्याला 'शेवायी' म्हणत, आणि म्हणताना तोंड वाकडं करत. असा रंग कोणी हौसेने मागत नाही.

पण वापरायला त्यासारखा रंग नव्हता. कपाशी वेचणाऱ्या बायांच्या लुगड्याला चिकाचे, मातीचे डाग पडले तरी दिसत नसत. उन्हात विटत नसे, दगडावर आपटून जात नसे. दुष्काळी वर्षात एकच लुगडं बारा महिने नेसायचं तर ते शेवाळीच पाहिजे, हे गरिबाच्या बायकोला सांगावं लागत नव्हतं. तांड्यावरचा भाऊसिंग एकदा पांढरा पटका घेऊन आला. तो ज्वारीची राखण करायचा.

"लाल पटका बांधला की हरनं कोसावरून पायते अन् दुसऱ्या अंगानं घुसते," तो म्हणाला. "बाई, असा रंग दे की मी धुऱ्यावर बसलो त माह्या बायकोलेबी दिसलो नाही पायजे."

पुढे तांड्यावरचे सगळे राखणदार तिच्याकडे येऊ लागले. मेंढरांमागे जाणाऱ्यांची घोंगडी, गाडीवानांची झूल, मजुरांची धोतरं. सोजरबाईची चूल पेटती राहिली.

ती पेटती राहिली हेच नानाजीच्या बायकोला, प्रयागबाईला खुपलं. तिनेच त्या रंगाला सुतकी म्हणायला सुरुवात केली. रांडवेने रंगवलेलं अंगाला लागलं की घरात मढं निघतं, असं ती ओढ्यावर धुणं धुताना मोठ्याने सांगायची. ज्या शेवाळी नेसून बसलेल्या असत त्यांच्यासमोरच सांगायची. त्या बाया खाली मान घालत आणि आठ दिवसांनी दुसरं लुगडं रंगवायला सोजरबाईकडेच येत, पण मागच्या दाराने. पुढच्या दाराने तिला कोणी हाक मारत नव्हतं. हळदीकुंकवाला, बारशाला तिला बोलावणं नव्हतंच. ओढ्यावरही तिने खालच्या अंगाला धुवावं असं ठरलं.

सोजरबाई ठरल्यासारखी वागणारी नव्हती. ती तांबडं फुटायच्या आधी जाऊन वरच्या अंगाला बसायची आणि कढईतलं सगळं मळकं पाणी ओढ्याला सोडायची. बायका यायच्या तोवर पाणी चहासारखं झालेलं असायचं.

"काय व, गावाले विष पाजून राह्यली का?" प्रयागबाई ओरडायची.

"तुह्या नवऱ्यानं हंडे नेले, पानी नाही नेलं ना," सोजरबाई पिळता पिळता म्हणायची. "पानी माह्यं हाये."

मग एका पोळ्याच्या आधी कोणी तरी तिच्या कढईत चुना टाकला. पंचवीस लोकांचे कपडे त्यात होते. सगळ्यांवर पांढरे चट्टे उठले, सूत जागोजागी झिजलं. कोणी टाकला हे कोणी पाहिलं नव्हतं. सोजरबाईने विचारलंही नाही. चुलीतलं जळतं लाकूड ओढलं, ते घेऊन भरबाजारातून चालत गेली आणि नानाजीच्या दुकानातल्या वाळत घातलेल्या लाल कापडांखाली उभी राहिली. चार माणसांनी तिला धरलं तेव्हा दोन पागोटी पेटली होती. त्या दिवसापासून दोन घरांत शिवी सोडून बोलणं उरलं नाही.

नानाजीला मात्र बरे दिवस आले होते. अकोल्याहून पत्र्याच्या डब्यांतून विलायती रंगाची पूड येत होती. चिमूटभर टाका, गरम पाणी ओता, की हवा तो रंग. साली कुटायला नकोत, नीळ आंबवायला नको. बापाने शिकवलेलं सगळं तो सहा-सात वर्षांत विसरला. मग तिकडे साता समुद्रापलीकडे लढाई सुरू झाली आणि डबे यायचे बंद झाले. उरलेल्या पुडीत त्याने पाणी वाढवलं. लाल गुलाबी झाला, हिरवा पोपटी झाला, आणि शेवटी गिऱ्हाइकांनी तोंडावर कापड फेकलं.

सोळा सालच्या वैशाखात नानाजीच्या मुलीचं, रुख्मिणीचं लग्न ठरलं. मालेगावचं घर तेही रंगाऱ्याचंच, आणि मोठ्या नावाचं. रंगाऱ्याच्या पोरीने बाजारचं लुगडं नेसून बोहल्यावर जायचं नाही, बापाच्या हातचा हिरवा नेसायचा, अशी त्यांच्यात रीत होती. व्याही ते लुगडं हातात घेऊन, उजेडात धरून बघत. लग्नाला पंधरा दिवस असताना नानाजी सोजरबाईच्या मागच्या दाराशी आला. आठ वर्षांत पहिल्यांदा.

"भाऊ निळीचा खडा ठेवून गेला, मले ठाऊक हाये," तो म्हणाला. "पोरीचं लगन हाये. एक लुगडं काढून दे."

"रांडवेच्या हातचं?"

"नाव माह्यं सांगीन. हात तुहा हाये हे कोनाले कायले सांगतं?"

सोजरबाई हसली. त्या हसण्याने नानाजीचा चेहरा उतरला, आणि उतरलेला बघून तिला बरं वाटलं. तिने पांढरं लुगडं ठेवून घेतलं.

खरं म्हणजे तिने मन लावून काम केलं. जगदेवने लपवून ठेवलेला निळीचा खडा कुटला, चुना आणि गूळ घालून रांजण जागा केला, आठ दिवस तो ढवळला, चाखला. लुगडं निळं काढलं, वाळवलं, मग भाऊसिंगकडून आणवलेली तुरटी सालींच्या काढ्यात घालून त्यात पिवळा चढेपर्यंत उकळलं. लग्नाच्या दिवशी सकाळी ते दोरीवर होतं. भरल्या पावसाळ्यातल्या धानासारखा हिरवा. तो रंग स्वतःच्या हातून आठ वर्षांनी निघालेला बघून ती कितीतरी वेळ दोरीजवळून हलली नाही. त्या वेळी तिच्या मनात काही वाईट नव्हतं.

प्रयागबाई घाईघाईने आली. हातात तांब्या होता. लुगडं दोरीवर असतानाच तिने तांब्यात बोटं बुडवून त्यावर गोमूत्र शिंपडायला सुरुवात केली.

"हे काय करून राह्यली?" सोजरबाईने विचारलं.

"विटाय काढून राह्यली. माह्या पोरीच्या अंगाले तुह्या नशिबाचा वारा नाही लागला पायजे." ती शिंपडतच राहिली. "अन् आज दारं लावून घरात बस. मांडवाकडे तोंड करू नको."

सोजरबाईने लुगडं दोरीवरून ओढलं. "थांब. एक पानी राह्यलं हाये अजून. पक्का होत नाही त्याशिवाय."

ती परसात गेली आणि गंजाच्या मडक्यात लुगडं कोपरापर्यंत दाबलं. दहा आकडे मोजायलाही वेळ लागला नाही. हिरव्याचं तेज बघता बघता खाली बसलं. बाहेर काढलं तेव्हा ते शेवाळी होतं, राखणदाराच्या पटक्यासारखं, मजुरणीच्या लुगड्यासारखं. तिने ते पिळलं, घडी घातली, जुन्या धडप्यात बांधलं आणि प्रयागबाईच्या हातात दिलं.

"ओलं हाये. बोहल्यापाशीच सोडजो. वारा नको लागू देऊ."

मांडवात काय झालं ते तिने पाहिलं नाही, ऐकलं. गाठोडं सोडलं तेव्हा वाजंत्री दारात आली होती. दुसरं लुगडं आणायला वेळ नव्हता, आणि आणलं असतं तरी बाजारचं ठरलं असतं. रुख्मिणीला तेच नेसवलं. मालेगावच्या विहिणीने पदर दोन बोटांत धरून उजेडात नेला आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं विचारलं, "रंगाऱ्याच्या घरात हिरवा सरला का, का पोर सुतकातून उठवून आनली?" नानाजीने तिथेच प्रयागबाईच्या थोबाडीत मारली. अक्षता पडल्या, पण सासरी जाताना पोरीबरोबर तिचं नाव गेलं नाही. तिकडे तिला पहिल्या दिवसापासून शेवायी म्हणत.

सोजरबाई त्या संध्याकाळी पोटभर जेवली. नंतरच्या आठवड्यात मात्र तिला अन्न गोड लागेना. नानाजीचं नाक कापलं गेलं, प्रयागबाईची जीभ बसली, हे सगळं हवं तसं झालं होतं. पण डोळ्यांपुढे यायची ती रुख्मिणी. ही पोर लहानपणी ओढ्यावर येऊन पाण्यात हात बुडवायची आणि "मोठी माय, रंग लाव ना," म्हणायची. सोजरबाईने तिला दरवेळी हाकललं होतं, कारण तिच्या तोंडावर नानाजीची जिवणी होती.

दोन वर्षांनी मानमोडीच्या तापाची साथ आली. घराघरांतून माणसं गेली. शिरपुरात प्रयागबाई गेली, मालेगावात रुख्मिणीचा नवरा गेला. सासूने चौथ्या दिवशी सुनेला गाडीत घातलं. मढं निघालं ते हिच्या लुगड्याने, असं म्हणाली. नानाजीने दार उघडलं नाही. पांढऱ्या पायाची, म्हणाला. जो ठपका प्रयागबाईने सोजरबाईवर ठेवला होता, तोच आता घरच्या पोरीला लागला.

रुख्मिणी सोजरबाईच्या पुढच्या दाराशी येऊन उभी राहिली. हातात बोचकं होतं.

"तू केलं हे," ती म्हणाली. "आता पोस."

सोजरबाई बाजूला झाली.

माया वगैरे काही जडली नाही. वर्षभर दोघींत कामापुरतं बोलणं होतं: लाकूड तोड, पाणी आण, साली कुट. रुख्मिणी वेगळी चूल मांडायची. सोजरबाईने पुढे केलेली भाकर तिने एकदाही घेतली नाही. पण काम ती बघून बघून शिकली, आणि सोजरबाईपेक्षा तिचा हात लवकर बसला. साली किती कुटल्या तर रंग गडद येतो, पाणी किती शिळं झालं तर तो काळवंडतो, हे तिला सांगावं लागलं नाही. सोजरबाईची दृष्टी कमी झाली तसे गिऱ्हाइकांशी तीच बोलू लागली, आणि मागच्या दाराने येणाऱ्या बायांना ती सरळ म्हणायची, "पुढून ये, नाही त जाय."

एकदा ओढ्यावरून पिळे आणताना सोजरबाईचा पाय घसरला. रुख्मिणीने तिला घरी आणून घोट्याला तेल लावलं, फार जोराने, मुद्दाम दुखेल असं. सोजरबाई कळ सोसत राहिली आणि मग एकदम म्हणाली, "चुकलं व माह्यं, पोरी."

रुख्मिणीचा हात थांबला. "काय चुकलं?"

"ते लुगडं."

"चुकलं नाही. मोजून केलं तू ते. मायले मारायचं होतं, त मायलेच मारायचं होतं. मी काय केलं होतं?"

हंडे नेले, चुना टाकला, गोमूत्र शिंपडलं, यातलं काहीच या पोरीला सांगण्यासारखं नव्हतं. सोजरबाई नुसती म्हणाली, "काईच नाही केलं."

"बस. एवढंच आयकायचं होतं मले," रुख्मिणी म्हणाली आणि तेलाची वाटी घेऊन उठली.

त्यानंतरही चुली दोनच राहिल्या. सोजरबाई आणखी अकरा वर्षं जगली आणि तीस सालच्या उन्हाळ्यात, कढईशेजारी बसल्या बसल्या गेली. नानाजी मौतीला आला नाही. तांड्यावरची माणसं आली, कपाशी वेचणाऱ्या बाया आल्या, त्या दिवशी पुढच्या दाराने. रुख्मिणी रडली नाही. चिता विझली तशी ती ओढ्याच्या वरच्या अंगाला गेली, आंघोळ केली, आणि दुसऱ्या दिवशी चूल पेटवून कामाला बसली.