दोन मापांच्या चाकांवर

मी फौजेत लान्स नायक होतो, ड्रायव्हर. गाव बोरीजवळ, जिंतूर तालुक्यात. ऐंशीच्या दशकात आमची युनिट औरंगाबादला होती. एका भाद्रपदात गोदावरीला पूर आला आणि आमचा एक कॉलम, म्हणजे तुकडी, मदतीसाठी परभणी जिल्ह्यात निघाला. एकवीस जवान, तीन गाड्या, दोन बोटी. भाग ओळखीचा म्हणून साहेबांनी मला मुद्दाम घेतलं.

माझ्याकडे वन टन होती. छोटा ट्रक, चारही चाकांना ताकद देता येणारा. गाडीचे कमांडर हवालदार किसन सोनकांबळे, मानवतकडचे. मला गाडी त्यांनीच शिकवली होती, म्हणून मी त्यांना उस्ताद म्हणायचो. ते मला जाधव म्हणायचे. चूक झाली तर जाधवसाहेब.

सकाळी पाचला उठणं. सव्वापाचला फर्स्ट परेड, म्हणजे गाडीची तपासणी: तेल, पाणी, हवा. साडेसहाला धान्य आणि औषधं भरून निघायचं. दिवस मावळायच्या आत कॅम्प. चार दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी एक टायर गेलं आणि स्टेपनी लागली; गेलेलं टायर दुरुस्तीला मानवतला दिलं.

पाचव्या दिवशी दुपारी बारा वीसला, सोनपेठच्या अलीकडच्या एका गावाच्या वेशीवर, मागचं डावं टायर फाटलं. पाण्याखाली वखराची पास, म्हणजे लोखंडी पातं, पडली होती. तिनं टायर बाजूनं वीतभर चिरलं.

उस्तादांनी रेडिओ घेतला आणि स्टेपनी मागितली. पलीकडे कॅप्टनसाहेब होते.

"स्टेपनी मानवत में है। रास्ता बंद। ओव्हर।"

"बोट मिलेगी? ओव्हर।"

"दोनों नदी पर हैं। ऊपर से पानी छोड़ा है। छह बजे के बाद नाला पार नहीं होगा। उस पार कितने आदमी? ओव्हर।"

"सैंतीस। ओव्हर।"

"निकाल सकते हो? ओव्हर।"

"निकालेंगे। आउट।"

ती सदतीस माणसं नाल्यापलीकडच्या वस्तीतली होती. घरांत पाणी शिरल्यावर ती वीटभट्टीच्या उंचवट्यावर जाऊन बसली होती. नामांतराच्या वादाचे दिवस होते ते. गाव आणि वस्ती यांच्यात वर्षभर बोलणं बंद होतं. सकाळपासून गावातलं कुणी नाल्याकडे फिरकलं नव्हतं.

वेशीत एक दोनचाकी ट्रॉली उभी होती. वर ज्वारीची पोती, त्यावर ताडपत्री. शेजारी मालक, बापूराव, पन्नाशीचे. उस्तादांनी ट्रॉलीच्या टायरला हात लावून माप घेतलं.

"रिम सोळाचीच. उंचीला मात्र चार बोटं कमी. चालेल," ते मला म्हणाले. मग बापूरावांना, "दोन्ही टायरं लागतील."

"दोन? तुमचं तर येकच फुटलंय."

"मागे एक उंच, एक बुटकं घातलं तर आतले दाते दळत राहतील. दोन कोसात गाडी बसेल. जोडी पाहिजे."

"आन माजी जवारी? ट्रॉली खाली टेकली तर समदी चिखलात. वरीसभराचं खानं हाय ते." मग बापूरावांनी विचारलं, "आडनाव काय म्हनलात तुमचं?"

उस्ताद चाकाचे नट सैल करत होते. हात थांबला नाही.

"हवालदार किसन सोनकांबळे. ट्रॉलीखाली दगड रचून देतो, एक पोतं भिजणार नाही. जॅक धरा."

बापूराव गप्प झाले. मी पाटलाच्या घरातला. ती गप्प बसायची तऱ्हा मला चांगली माहीत होती. मी पहार हातात घेऊन नुसता उभा राहिलो. मला तेव्हा बोलायला हवं होतं. मी बोललो नाही.

मग बापूराव खाली बसले आणि त्यांनी जॅक धरला.

"तिकडं सखुबाई हाय," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "माज्या तिन्ही लेकरांची सुईन. लय म्हातारी झालीय आता."

टायरं उतरवणं, आमच्या रिमवर चढवणं, पायपंपानं हवा भरणं. एक पंचावन्नला गाडी उभी राहिली, मागे बसकी, पुढे नाक वर. उस्तादांनी मला स्टिअरिंगवर बसवलं.

"ऐक. पुढची चाकं मोठी, मागची लहान. चारही जोडली की ती एकमेकांशी भांडणार. चिखलात घसरतात, म्हणून चालतं. फरशी कडक आहे, तिथं घसरत नाहीत. चिखलात चारही, फरशीवर फक्त मागची. विसरलास तर गाडी स्वतःलाच बांधून घेईल."

फरशी म्हणजे नाल्यावरचा बुटका सिमेंटचा पूल. त्यावरून गुडघाभर पाणी वाहत होतं. कठडा नव्हता. उस्ताद कमरेला दोर बांधून, त्याचं दुसरं टोक बंपरला अडकवून, हातात बांबू घेऊन गाडीपुढे चालले. बांबूनं कड चाचपायची आणि मला हात दाखवायचा.

पहिल्याच फेरीत मी विसरलो. चिखलाच्या उतारावरून चारही चाकांवर फरशीवर आलो आणि तसाच पुढे गेलो. स्टिअरिंग जड झालं. खालून कण्हल्यासारखा आवाज आला. पुढची चाकं सोडवायचा लिव्हर ओढला तर हलेना.

"जाधवसाहेब!" उस्ताद मागे वळून ओरडले. "ओढू नको, तुटेल. रिव्हर्स घे. अर्धं चाक फक्त. आता ओढ."

अर्धं चाक मागे गेलो. लिव्हर लोण्यासारखा सुटला.

दोन चाळीसला बारा माणसं अलीकडे आणली. तीन पन्नासला आणखी बारा. बापूराव वेशीत उभे राहून एकेकाला हात देऊन उतरवून घेत होते.

चार पन्नासला शेवटची फेरी. तेरा माणसं, त्यांत सखुबाई. पाणी आता उस्तादांच्या मांडीला लागत होतं. फरशीच्या मध्यावर एक अख्खी बाभूळ वाहत आली आणि बंपरवर आडवी अडकली. पाणी तिच्यामागे तुंबलं. गाडीचं तोंड कडेकडे सरकू लागलं. मला ते सीटखाली जाणवलं.

उस्तादांचा दोर फांद्यांत गुंतला होता. त्यांनी एकदा मागच्या माणसांकडे बघितलं. मग कमरेची गाठ सोडली, बांबू बुंध्याखाली घातला आणि खांदा लावला. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा बाभूळ सुटली. फिरताना तिनं त्यांना फरशीवरून ओढून नेलं.

ते एकदा वर आले. आवाज स्पष्ट होता.

"थांबू नको!"

मी थांबलो नाही. मागे बाया ओरडत होत्या. बांबू नव्हता, हात दाखवणारं कुणी नव्हतं. समोर बापूराव पाण्यात कमरेपर्यंत उतरले आणि फरशी जिथं संपते तिथं दोन्ही हात वर करून उभे राहिले. मी त्यांच्यावर नजर धरून गाडी नेली. चिखलाच्या चढाला चारही चाकं जोडली, वर आलो, कडक मुरुमावर लिव्हर पुन्हा अडकला. रिव्हर्स, अर्धं चाक. मी हे मोठ्यानं म्हणालो, असं सखुबाईंनी नंतर सांगितलं. पाच वाजून बारा मिनिटं झाली होती.

रेडिओवर मी रिपोर्ट दिला. "सैंतीस आदमी सुरक्षित। हवालदार सोनकांबळे पानी में। ओव्हर।"



ते दुसऱ्या दिवशी सापडले, दीड कोस खाली, तुरीच्या रानात. बापूराव पहाटेपासून वस्तीतल्या लोकांबरोबर काठ धुंडाळत होते. गाडी तिथवर जात नव्हती. बाजेवर ठेवून आणलं. पुढे मी आणि वस्तीतला एक जण, मागे बापूराव आणि सखुबाईंचा मुलगा. वाटेत गावकरी खांदा बदलायला आले. बापूरावांनी गाडीपर्यंत बदलू दिला नाही.

आठ दिवसांनी कॅप्टनसाहेब आणि मी उस्तादांची ट्रंक त्यांच्या घरी पोचवली. वैनी दारात आल्या. साहेब हिंदीत बोलले, ते त्यांनी ऐकून घेतलं. मग मला विचारलं,

"गाडी चालवायला तुमीच होतात का?"

"हो वैनी."

"मान्सं समदी आली?"

"आली. सदतीसच्या सदतीस."

"न्हाई, हे सुट्टीवर आले की तुमचंच सांगायचे," त्या म्हणाल्या. "जाधव हाताला चांगला हाय, पन घाबरला की थांबतो म्हनायचे."

मी ट्रंक खाली ठेवली आणि सावधान उभा राहिलो.

"त्या दिवशी थांबलो नाही, वैनी."

"मंग त्यास्नी कळलं आसंल," त्या म्हणाल्या, आणि ट्रंक आत घ्यायला पुढे झाल्या.