टिंबांना बोलावणं

वादळ आलं तर गाव शाळेत कसं हलवायचं, हे संगणकावर आधी घडवून बघायचं, असलं माझं काम. त्यासाठी बोर्लीकडचं किनाऱ्यावरचं एक गाव मी मुद्दाम निवडलं, कारण तिथे माझी आत्या एकटी राहते आणि तिचं घर समुद्राच्या अगदी तोंडावर आहे. पडद्यावर प्रत्येक माणूस म्हणजे एक टिंब. भोंगा वाजला की टिंबं मुकाट्याने शाळेत. साहेब खूश, मीही खूश.

आत्याला हौसेनं दाखवलं. तिने विचारलं, "यातली मी कुठली?" मी बोट ठेवलं. ते टिंब तुरुतुरु शाळेकडे निघालं, तशी ती खवळली.

"मी अशी जाईन? भोंग्यावरून कुणी बोलावतं होय? दारात येऊन सांगायला नको?"

तिचं खरं होतं. शेजारच्या पूजेची आरती खिडकीतून ऐकू येत असली, तरी दारात येऊन कुणी सांगितल्याशिवाय आमच्याकडे पाऊल उचलत नाहीत. मी टिंबांना तोच नियम लावला आणि पुन्हा चालवून बघितलं. भोंगा वाजला, आणि निम्मं गाव घरात फुगून बसलं. मानपान हा शब्द सरकारी फायलीत शोभत नाही, म्हणून साहेबांना मी गंभीर चेहऱ्याने "सामाजिक प्रतिसादाचा निकष" असं काहीतरी सांगितलं. त्यांनी मान डोलावली. आळीआळीत घरोघर जाऊन सांगणाऱ्या बायका नेमायचं ठरलं. आत्याच्या आळीत अर्थात आत्याच.

पुढे वादळ खरंच आलं. मी गावच्या शाळेत येणाऱ्यांची नोंद घेत होते. आळीतली सगळी घरं आली, कोंबड्यांची डालगीसुद्धा आली. आत्या मात्र नाही. भर वाऱ्यात धावत गेले, तर ही दार उघडं टाकून, घडीची साडी नेसून, भरलेली पिशवी मांडीवर घेऊन ओटीवर बसलेली.

"अगं, निघाली का नाहीस?"

"सगळ्यांना सांगून आले. मला कोण आलंय सांगायला?"

बोलावणाऱ्या टिंबाला कोण बोलावणार, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. राग आला होता, रडूही येत होतं. अंगणात झावळ्या पडत होत्या. मी उंबऱ्याशी नीट उभी राहिले, ओल्या ओढणीने तोंड पुसलं आणि म्हटलं, "आत्या, शाळेत यायचं हं."

"चल," ती उठली. "केव्हाची तयार होऊन बसलेय."