चाकाचा पोशाख

आमच्या पाथर्डीकडे ऊस वाहणाऱ्या रबरी चाकांच्या बैलगाडीलाच टायर म्हणतात. आईवडील दरवर्षी टायर घेऊन कारखान्यावर जायचे, आणि लहानपणी मीही त्यांच्यासोबत असायचे. दुपारी बैल सोडले की आई चाकावर जुनं लुगडं टाकायची. उन्हानं रबर तडकू नये म्हणून टाकत असेल, असंच मला वाटायचं.

परवा इंग्रजी शब्दकोशात वाचलं की टायर म्हणजे मुळात चाकाचा पोशाख. मला ते लुगडं आठवलं आणि मी कौतुकानं आईला फोन केला.

"चाकाला कशाला लुगडं घालीन?" ती म्हणाली. "तू गाडीखाली निजायचीस. तुला ऊन लागू नये म्हनून टाकायचे."

टायरचा दुसरा अर्थ थकणं आहे, हे मग मी तिला सांगितलं नाही.