लाखा सरळ चालला होता

आधी मालतीकाकूंचं नाव घेते. ते घेतल्याशिवाय पुढचं सांगायला जीभ उचलत नाही — आणि घेतलं की लाज वाटते. माझे यजमान वूस्टरच्या एका रेस्टॉरंटमध्ये स्वयंपाकी होते. ते अचानक गेले तेव्हा मला या देशात कुणी नव्हतं. इंग्रजी नाही, शाळा आठवीत सुटलेली. जवळच्याच श्रूजबरी गावच्या मालतीकाकू मला आपल्या घरी घेऊन गेल्या. वरची खोली दिली, ड्राइव्ह करायला शिकवलं, माझे इथे राहण्याचे फॉर्म स्वतः बसून भरले. दात काढायचा होता तेव्हा डेंटिस्टकडे माझा हात धरून बसल्या.

त्यांच्याच घरात मी हे केलं. आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगता येतंय का? असेल तसं.

मला एकच विद्या येते. मोडी वाचता येते. माझे वडील तालुक्याच्या कचेरीबाहेर बसून लोकांना जुने कागद वाचून द्यायचे. त्यांची नजर गेली आणि मी त्यांचे डोळे झाले — शाळा त्यातच सुटली. मोडी लिहिताना हात उचलत नाहीत. शब्द सुटे नसतात, ओळ नुसती धावत जाते. कुठे थांबायचं, कुठून पुढे जायचं, ते वाचणाऱ्याला ठाऊक. ऐकणारा फक्त विश्वास ठेवतो.

काकूंचे यजमान, काका, रिटायर्ड इंजिनीयर. त्यांच्याकडे त्यांच्या पणजोबांची रोजनिशी होती, मोडीत. हे पणजोबा इंग्रजांच्या काळात कारकून होते. वाळवंटात दोन संस्थानांचा हद्दीचा तंटा होता, तो मिटवायला गेलेल्या गोऱ्या साहेबाच्या छावणीत ते लिहिण्याचं काम करायचे. पगडीतला त्यांचा फोटो दिवाणखान्यात होता. रोजनिशी मात्र घरात कुणालाच वाचता येत नव्हती.

मी वाचते म्हणाले, तेव्हा काका ओरडलेच. "मालती, ऐकलंस? ही इतिहास वाचते आणि आपण हिला भेंडी चिरायला लावतोय!"

"मग भेंडी तुम्ही चिरा," काकू आतून म्हणाल्या.

खरंच चिरली त्यांनी. मी टेबलाशी बसून वाचत होते आणि ते चिरता चिरता ऐकत होते. माझ्या आयुष्यात कुणी माझं असं ऐकलं नव्हतं.

पहिले तीन आठवडे छावणीत काय चाललं होतं? दोन्ही दरबारांचे वकील कुणाची खुर्ची साहेबाच्या जवळ, यावरूनच भांडत होते. काका हसून हसून खोकायचे. मग गोष्ट विहिरीवर आली. वाळूत एकच गोड्या पाण्याची विहीर, आणि दोघांनाही हवी. शेवटी जुन्या रिवाजानं ठरवायचं झालं. शिवेची माती डोक्यावर घेऊन, अनवाणी, एका जाणत्या माणसानं हद्द चालून दाखवायची. तो चालेल ती हद्द. त्याचा पाय वळला तर शपथ मोडली, आणि त्याच्या कुळाचा शब्द कायमचा खोटा. माणूस निवडला तो विहिरीकाठच्या वस्तीतला. लाखा नावाचा म्हातारा धनगर.

आणि मग ते पान आलं.

मी अजून इकडचं तिकडचंच सांगते आहे, दिसतंय ना तुम्हाला? सांगते.

त्या पानावर लिहिलं होतं की आदल्या दिवशीच साहेबानं आणि दोन्ही वकिलांनी नकाशावर सौदा केला होता. विहीर लाखाच्या वस्तीपलीकडच्या दरबाराला, मिठागर अलीकडच्याला. लाखाला कुणी कळवलं नाही. तो बिचारा माती घेऊन चालला, विहीर आपल्या वस्तीच्या बाजूला ठेवून, आजे-पणजे चालले तसा. खाली पणजोबांचं अक्षर बारीक झालं होतं: 'लाखा सरळ चालला. पाय वळला नाही. वळला असे हुकुमावरून लिहिले. पोटासाठी लिहिले.'

मी थांबले. काकांच्या हातातली सुरी थांबली. "काय गं? पणजोबांनी काय लिहिलंय?" ते फोटोकडे बघत होते. पलीकडे काकूंच्या पुढ्यात माझे फॉर्म पसरलेले.

आणि मी वाचलं — न अडखळता वाचलं — 'लाखाचा पाय विहिरीपाशी वळला, आणि दोन्ही दरबारांची भीड न धरता मी जसं पाहिलं तसं लिहिलं.'

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. काकूंनी चहा टाकला.

काकांचं मन मोडू नये म्हणून केलं, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होते. खोटं आहे ते. या घराचा देव मी खाली पाडला तर मला घरात कोण ठेवेल, एवढंच मनात होतं. काकूंनी मला बाहेर काढलं असतं? कधीच नसतं. हे मला तेव्हाही माहीत होतं.

तरी इथवर कुणी मला माफही केलं असतं. पण काकांनी पणजोबांवर इंग्रजीत लेख लिहून इंटरनेटवर टाकला, लाखाच्या मोडलेल्या शपथेसकट. तो वाचून काही महिन्यांनी एक म्हातारे गृहस्थ आले. जीवणभाई. लाखाचे वंशज. मुलगी चार तास ड्राइव्ह करून त्यांना घेऊन आली होती. त्यांच्या मुलखात अजून त्यांच्या घराची साक्ष पंचायतीत घेत नाहीत. खोट्या शपथेचं घर. त्यांचे आजोबा मरताना म्हणाले होते, लाखा सरळ चालला होता. तेवढं लिहिलेलं सापडतं का, हे बघायला ते आले होते.

काका वर झोपले होते, तब्येत बरी नव्हती. वही माझ्यासमोर. जीवणभाईंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "बेटी, धीरे धीरे पढ़ना. मुझे कोई जल्दी नहीं."

तेव्हा मला कुणाची भीती होती? फॉर्म केव्हाच पास झाले होते. समोर फक्त एक म्हातारा माणूस होता. मी त्याच पानावर बोट ठेवलं, 'सरळ चालला' या अक्षरांवरून ते फिरवत नेलं — आणि दुसऱ्यांदा तेच खोटं वाचलं. हिंदीत. सावकाश. त्यांनी सांगितलं तसं.

 त्यांनी वहीला हात लावून कपाळाला लावला आणि ते मला म्हणाले, "जीती रहो." काकूंनी त्यांना जेवायला थांबवलं. मी वाढलं.

वर्षभरात त्यांच्या मुलीचा मेसेज आला. वडील गेले. लाखा खरा होता असं आता म्हणू नका, असं ते घरच्यांना सांगून गेले. त्यांनी ते मनाशी मान्य केलं होतं. शेवटी लिहिलं होतं, त्यांना वाचून दाखवल्याबद्दल थँक यू.

उत्तर म्हणून मी हात जोडलेलं ते चित्र असतं ना फोनवर, ते पाठवलं.

काकाही गेले. वही एका लायब्ररीत आहे, आणि तिच्यावर माझ्या सुवाच्य अक्षरातली देवनागरी नक्कल, त्याच खोट्यासकट. तिथे मोडी कुणाला येत नाही. जो वही उघडेल तो माझं अक्षर वाचेल. पणजोबांनी निदान खरं कुठेतरी लिहून ठेवलं होतं.

काकू आता नेपरव्हिलला मुलाकडे असतात. बरंच विसरल्यात. रविवारी फोन केला की मी कोण ते त्यांना सांगावं लागतं, आणि मग एकच विचारतात, "जेवलीस का गं?"

जेवले, काकू. तुमचं मी फेडीन. कधीतरी येईन, तुमच्यासमोर बसेन, आणि ते पान मला पाठ आहे तसं मोठ्यानं म्हणेन. सावकाश. एकही ओळ न गाळता.