धूळ मोजणाऱ्या यंत्राचा शेजार

पालिकेच्या टँकरवाल्याला काम एकच होतं. हवेतली बारीक धूळ मोजणारं यंत्र ज्या इमारतीच्या गच्चीवर होतं, तिच्या आसपासचे रस्ते दिवसभर भिजवायचे. बाकीच्या गावात धूळ उडाली तर उडू दे, तिथे ती मोजायला कोण बसलं होतं? आकडे छान यायचे, साहेबांची मान ताठ व्हायची आणि टँकरवाला खडी फोडायच्या कारखान्याशेजारच्या आपल्या खोलीवर परतायचा. तिथे भांडी पालथी घातली तरी त्यांच्यावर पिठासारखा थर बसे आणि बायकोचा दमा काही केल्या हटत नसे.

एकदा ती त्याचा डबा घेऊन यंत्रापाशी आली, ओल्या फुटपाथच्या कडेला टेकली आणि बराच वेळ खोकलीच नाही. टँकरवाल्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. लबाडी आकड्यांसाठी असेल, पण हवा खरोखरच निवळली होती, आणि ती त्यानेच निवळवली होती. मग ती बायकोला का मिळू नये? त्याने जुनी खोली सोडून यंत्रासमोर जुनीच्या निम्म्या आकाराची खोली भाड्याने घेतली. मेव्हण्याने त्याला वेड्यात काढलं. टँकरवाल्याने तिकडे काणाडोळा केला आणि स्वतःच्या खिडकीखाली रोज एक जादा फेरी मारायला लागला. हळूहळू बायको न थांबता जिना चढू लागली. या आनंदात तो टँकर चालवताना गाऊ लागला. आवाज बेताचाच होता, पण खोकल्यापेक्षा बरा.

ती जादा फेरीच त्याला नडली. आकडे इतके सुधारले की इथली धूळ संपली असं साहेबांनी जाहीर करून टाकलं. आता यंत्र जिथून तक्रारी येतात तिथे हलवायचं ठरलं, म्हणजे खडीच्या कारखान्याशेजारी. टँकर अर्थातच यंत्रामागून जाणार होता. मग इथल्या रस्त्यांवर पाणी कोण मारणार, असं त्याने चाचरत विचारलं.

"इथे आता मोजायचंय काय?" साहेब म्हणाले आणि त्यांनी त्याची पाठ थोपटली.

घरी येऊन त्याने सगळं सांगितलं. सांगताना त्याला रडूच येत होतं. जुनी खोली केव्हाच दुसऱ्या कुणाला गेली होती आणि त्या माणसाचं आता नशीब उघडलं होतं.

बायकोने उठून खिडकी लावून घेतली.

"पुढच्या वेळी खोली घ्याल ना," ती म्हणाली, "तेव्हा आधी यंत्राला विचारा."

हसता हसता तिला ठसका लागला. टँकरवाल्याने फळीवरचा दम्याचा पंप शोधून, त्याच्यावरची धूळ पुसून तिच्या हातात दिला.