आस्कालेचा कान

आमच्या डेगाअंबा गावच्या पाणी कार्यालयात मीटिंग म्हणजे दिवसभराचं काम. सकाळी तीनला बसतात आणि संध्याकाळी अकराच्या सुमाराला उठतात. आमचं घड्याळ सूर्याबरोबर चालतं: उगवला की पुन्हा एकपासून मोजायचं, मावळला की पुन्हा एकपासून. आमचे सकाळचे तीन म्हणजे बाहेरच्या जगाचे नऊ. असतील बापडे.

बोलायची हौस प्रत्येकाला, आणि बोलणाऱ्याला मध्येच तोडायचं नाही ही रीत. त्यामुळे एका मीटिंगला कॉफी तीनदा फिरते. पहिली कडक, दुसरी बरी, आणि त्याच चोथ्यावर पाणी ओतून केलेली तिसरी पातळ, तिला बेरेका म्हणतात. बेरेका येईपर्यंत निम्मी माणसं उघड्या डोळ्यांनी झोपलेली असतात आणि ठराव नेमके तेव्हाच मंजूर होतात. हात वर करायला काही जागं असावं लागत नाही.

या सगळ्यांत सत्तावीस वर्षं टक्क जागी बसत आली ती एकटी आस्काले. तिचं काम पाइपची गळती शोधायचं. लोखंडी सळईचं एक टोक पाइपवर, दुसरं कानामागच्या हाडावर, आणि डोळे मिटून रस्त्यात उभी. ती म्हणेल तिथे खणायचं आणि तिथेच पाणी सापडायचं. सत्तावीस वर्षांत ती तीनदा चुकली. ते तिन्ही खड्डे कुठे होते ते ती अजून सांगते, आणि सांगताना तिचा चेहरा बघवत नाही.

“मोठा आवाज सगळ्यांनाच ऐकू येतो,” ती म्हणायची. “आपण आवाज बदलला कधी ते ऐकायचं.”

मीटिंगमध्येही तिचं तेच. कोलोची, म्हणजे भाजलेल्या जवाची, ताटली सगळ्यांसमोर असते. बाकीचे मुठी भरून बकाणे भरायचे. आस्काले मात्र एक माणूस बोलून संपला की एकच दाणा खायची. एखादं बोलणं पुढे लागेलसं वाटलं, तर तो दाणा न खाता शालीच्या टोकाला बांधून ठेवायची.

“ताई, घरी कोंबड्या पाळल्यात का?” कॉफी करणारी फांताये चिडवायची.

“तुझ्या कॉफीवर जगतील अशा नाहीत,” आस्काले म्हणायची.

त्या दिवशी मीटिंगपुढे एकच प्रश्न होता. गॅब्रिएल चर्चच्या खालच्या वस्तीची पाण्याची लाइन बंद करायची का? पंपघरात नवं परदेशी यंत्र बसवलं होतं आणि ते म्हणत होतं, ही लाइन गळते. आस्काले तीन दिवस सळई घेऊन त्या लाइनवर पायपीट करून आली होती आणि तिचं म्हणणं, एक थेंब गळत नाही. लाइन बंद झाली तर तीनशे घरांतल्या बायकांना अर्धा तास डोंगर उतरून नदी गाठायची आणि भरलेला कॅन पाठीवर घेऊन पुन्हा चढायचं. आस्कालेची आई तसंच पाणी आणायची. तिची वाकलेली पाठ लेकीला विसरता येत नव्हती.

पहिली कॉफी फिरली आणि देगेफे साहेब उभे राहिले. हे कार्यालयाचे प्रमुख. यंत्राच्या कौतुकात त्यांचा पाऊण तास गेला. “पंपघरातून यिमाम रोज आकडे कळवतो. यंत्राने दिले तसेच कागदावर! एकाही आकड्याला कुणी हात लावलेला नाही!”

टाळ्या पडल्या. आस्कालेला काहीतरी खुपलं. काय, ते तिचं तिलाही कळेना. तिने दाणा शालीला बांधून ठेवला.

मग दुसरी कॉफी झाली, इंजेरा आणि शिरोचं जेवण झालं. खिडकीतून ऊन आत आलं, माश्या घोंगावायला लागल्या. हिशेबनीस घोरायला लागला तेव्हा शेजारच्याने त्याला कोपराने ढोसलं. झोप आस्कालेलाही येत होती, ती काही दगडाची नव्हती. तिने पेन्सिल कानामागच्या हाडावर टेकवली, रस्त्यात सळई टेकवते तशी, आणि डोळे मिटले. नवख्याला वाटावं, बाई गाढ झोपली.

बेरेका आली. इंजिनियर मेकबिब अहवालाच्या शेवटच्या पानावर पोचला.

“या लाइनमधून सगळ्यात जास्त पाणी जातं ते रात्री आठला. रात्री आठला हो! गावातली कुत्रीसुद्धा झोपलेली असतात तेव्हा. मग पाणी पितं कोण? जमीन! लाइन बंद करावी असं ज्यांना वाटतं त्यांनी...”

त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत हात वर झाले. हिशेबनिसाचा तर झोपेतच झाला. आस्कालेचा हात मात्र शालीच्या गाठीवर गेला.

“थांबा.”

“आस्कालेताई, तुमचं मत ऐकलंय आम्ही,” देगेफे साहेब म्हणाले. “वय झालं की कानही थकतो. त्यात वाईट वाटून घेऊ नका.”

“थकला असेल, साहेब. पण सकाळचं तुमचं बोलणं त्याने चांगलं ऐकलंय. एकाही आकड्याला हात लावला नाही म्हणालात.”

“नाहीच लावला!”

“मग हे रात्रीचे आठ कुणाच्या घड्याळातले?”

आस्कालेने पंपघराला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा टेबलावर ठेवला.

“यिमाम, यंत्रावर आत्ता किती वाजलेत रे?”

“चार, ताई.”

“आणि तुझ्या मनगटावर?”

“दहा. का हो? ते परदेशी आहे, त्याचं त्याच्या वेळेनेच चालणार. मी दिसतं तसं सांगतो. आपल्या वेळेत तिकडे ऑफिसात करून घेतात ना?”

मेकबिबने साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी मेकबिबकडे.

“मला वाटलं, पंपघरातूनच आपल्या वेळेत करून येतात,” मेकबिब पुटपुटला.

यंत्राचे रात्रीचे आठ म्हणजे आमचे रात्रीचे दोन. सूर्य मावळून दोनच तास झालेले, बायका बाजारातून परतलेल्या, चुली पेटलेल्या आणि सगळी वस्ती नळावर. पाणी जमीन पीत नव्हती, माणसं पीत होती. वर गेलेले हात एकेक करून खाली आले. फांतायेने न विचारताच आस्कालेपुढे कप ठेवला. ती बेरेका नव्हती. फांतायेने तिच्यासाठी नवी, पहिल्या उकळीची कॉफी केली होती.

“ताई, कानाचं ते मी आपलं...” देगेफे साहेब चाचरले.

“ते राहू द्या, साहेब. कागदावर लिहा, लाइन गळत नाही. मी इथेच बसलेय.”

त्यांनी लिहिलं. तिने ते दोनदा वाचलं आणि मगच शाल सावरून उठली.

राहिलेली कामं उरकून रात्री घरी जाताना ती मुद्दाम गॅब्रिएलच्या वस्तीवरून गेली. अंधार पडला होता. नळापुढे पिवळ्या कॅनची रांग थेट चर्चच्या भिंतीपर्यंत आणि भांडणं नळाच्याही वरच्या आवाजात. एकीने आस्कालेला ओळखलं.

“अगं बाई, पाणी ऑफिसवाली! आम्ही इथे तासतास उभ्या, आणि तुम्ही काय करता दिवसभर? खुर्च्या उबवता?”

“हो गं,” आस्काले म्हणाली. “आज तर जाम उबवली.”

बायका खो खो हसल्या. आस्कालेने मनगटावर पाहिलं. दोन वाजले होते. धारेखालचा कॅन भरला, दुसरा लागला. तिने क्षणभर पाइपवर तळहात ठेवला. छाती अशी भरून आली की तिला वर आभाळाकडे बघावं लागलं. मग तिने शालीची गाठ सोडली, दाणा तोंडात टाकला आणि चावत चावत घराकडे निघाली.